दोन-चारचं सील

थांबवा वो, थांबवा, पोट्टी पडली माही! एवढंच म्या ओरडली अन् मंग मले माहाच आवाज ऐकू आला नाही. पोट्टी पडली नवती. माह्या मांडीवरून उडाली अन् मी अन् दरवाजा याच्या मंधात उलटी अडकली, पाय वर. गाडी ब्रेकरवरून एकदाच गेली होती, पण गाडी बसाचं नावच घेये ना. वर, खाली, वर, खाली, जसा कोणी पाळणा हालवला अन् सोडून देल्ला. मागचा दरवाजा खडकन उघडला. म्या एका हातानं परीचा झबला धरला, दुसऱ्या हातानं काय धरलं ते मले आजवरी आठवत नाही.

परी तवा नऊ-दहा महिन्याची होती. तिचं जावळ काढाले आमी तिघंच पोहरादेवीले चाललो होतो, वाशीम सोडून थोडंसंच पुढं आलो होतो. गाडी आमचीच. वरातीची गाडी आहे ते, जुनी, लांब, काळी, गोल गोल लायटाची. माह्या सासऱ्यानं एका शेठजीकडं जिंदगीभर ड्रायवरी केली, त्या शेठजीनं शेवटी गाडीच त्याले देऊन टाकली. आता आमचे हे चालवते. नवरदेव बसते, फुलं लागते, अन् त्याच्यावर आमच्या घरातली चूल पेटते.

गाडी थांबली तशी मी खाली उतरली अन् रस्त्याच्या कडेले बसून रडू लागली. यायनं वाकून पाह्यलं, मागच्या चाकापाशी तेलाचा काळा डाग. म्हणते, "काई नाही झालं वं, जुन्या गाडीचं तेल सांडतच असते."

तेवढ्यात एक म्हातारा मोपेड घेऊन आला अन् थांबला. पांढरी टोपी, चष्म्याले दोरा, शर्टाचा खिसा असा फुगलेला जसं त्याच्यात बेडूक भरले. अन् खांद्यावर एका सुतळीत ओवलेल्या बांगड्या, लहान्या-मोठ्या, पितळीच्या. मले वाटलं आता विचारन, बाई लागलं का, पोट्टी बरी आहे का. कायचं बाप्पा! तो माह्याजवळ उकिडवा बसला अन् म्हणते, "कोणत्या अंगाले उडाली?"

"काय?"

"पोट्टी वं. डाव्या अंगाले उडाली का उजव्या?"

मले वाटलं हा माणूस आहे का कोण आहे. पण तोंडातून निघून गेलं, डाव्या.

तो उठला, गाडीच्या मागच्या कोपऱ्यावर दोन्ही हात ठेवून आंगाचा सारा भार टाकला अन् सोडून देल्ला. गाडी नाचत राह्यली. हा तिच्याकडं असा पाह्ये जसा लहान पोरगा भोवऱ्याकडं पाह्यते. मंग उजव्या कोपऱ्यावर केलं. मंग यायले म्हणते, "चांगल्या गाडीनं एकदा उठाव, एकदा बसाव अन् गप राहाव. तुह्या गाडीचा डावा शाकप मेला. उजवा मरून राह्यला. पोट्टीनं बरोबर सांगतलं पाह्य."

हे होते शाकपवाले काका. नाव दिगांबर, जात कासार, घर वाशीमले स्टेशनच्या मांगच्या गल्लीत.

शाकप म्हणजे काय हे मले तवा माहीत नवतं. मंग काकानंच सांगतलं, मी विचारलं नसतानी. चाकापाशी एक नळा राह्यते, त्याच्यात तेल. तेलातून एक दांडी वरखाली होते. तेल त्या दांडीले पटकन हालू देत नाही म्हणून गाडी बसते, नाचत नाही. अन् ते तेल नळ्यात कोंडून ठेवते कोण, त रबराचं एक कडं. त्याले सील म्हणते. सील गेलं का तेल गेलं, तेल गेलं का गाडीचा पाळणा झाला. आमच्या गाडीचा नवा शाकप आता कुठीच भेटत नाही. जुनाच खोलाचा, अन् सील शोधाचं. सारं घोडं त्या सीलापाशीच अडते.

त्या दिवशी जावळ राह्यलंच. घरी येऊन म्या यायले सांगून देल्लं, जोवर हे सील बसत नाही तोवर मी पोट्टी घेऊन त्या गाडीत पाय ठेवत नाही, अन् तुमालेबी चालवू देत नाही. हे म्हणते, लगनसराई तोंडावर आहे, वरातीची सुपारी घेतली आहे. म्या म्हटलं, त मंग नवरीले असंच उडवसान का?

तसं काकाच्या घरी आमचं जाणं-येणं सुरू झालं.

काकाची बायको नवती, गेली होती. बहीण होती, शांताआत्या, तिचा तोंडाचा पट्टा दिवसभर सुरू. स्वयंपाकघरात एका फळीवर लोणच्याच्या बरण्या, पण लोणचं एकातही नाही. साऱ्यायत तेल अन् तेलात रबर. काका जिथी रबर दिसलं तिथून तुकडा आणे अन् शाकपच्या तेलात बुडवून ठेवे. काई दिवसानं काढून पाह्ये. फुगलं का फेकून दे, कडक झालं का फेकून दे, जसंच्या तसं राह्यलं का त्याले असा आनंद होये जसा नातू झाला.

शांताआत्यानं मले पह्यल्याच दिवशी सांगतलं, "एकदा एक सोयरा आला वं आमच्याकडं. म्या भाकर-बेसन वाढलं अन् घाईघाईत यायच्या बरणीतली फोड ताटात टाकली. तो बिचारा चावून राह्यला, चावून राह्यला. शेवटी म्हणते, ताई, कैरी मुरली नाही अजून. मले त मेल्याहून मेल्यासारखं झालं. अन् हा भाऊ माहा त्याले काय विचारते माहीत आहे? चव कशी लागली म्हणते, कडू का तुरट!"

काका तिथंच बसले होते. म्हणते, "मंग? विचाराव नाही का? खाल्लं त्यानंच होतं."

माह्या घरी आले का त्यायचं ध्यान कुठी राहे, त कुकरच्या रिंगेवर. एक दिवस ती नेलीच त्यायनं. परत आणली तवा जिलबीसारखी फुगली होती. "तुह्या कुकरचं रबर तेलात टिकत नाही," असं मलेच रागानं सांगतलं, जसं कुकर म्या बनवला. मंग परीच्या दुधाच्या बाटलीचं निप्पल पाह्यलं. "हे कायचं रबर आहे वं? रोज उकळते का? उकळल्यावर आखडते का पसरते?" म्या म्हटलं काका, पोट्टी चोखून राह्यली ते. त म्हणते, "चोखू दे, मी थांबतो." अन् थांबले खरंच, समोर बसून, परीच्या तोंडाकडं पाहत.

मले हासूबी ये अन् भेवबी वाटे. काहून की काकाचं समदंच बरोबर निघे असं नवतं. मोठ्या तोऱ्यात सांगत, "वऱ्हाडात माह्यासारखा शाकपवाला नाही," पण गल्लीतल्याच एका मास्तरच्या स्कूटरच्या शाकपमंधी त्यायनं एरंडीचं तेल भरलं होतं. थंडीत ते असं गोठलं का स्कूटर सकाळी दगडासारखी. मास्तर भांडाले आला त काका म्हणते, "मले पाहाचं होतं." मास्तर म्हणते, "मंग तुमच्या मोपेडमंधी पाहा नं!" त काका त्याले शांतपणानं विचारते, "किती वाजेलोक गोठलेली राहे? ऊन पडल्यावर सुटे का?" मास्तर कपाळाले हात लावून निघून गेला.

मले पाहाचं आहे. हे त्यायचं रोजचं बोलणं. कोणी मेलं तरी हा माणूस विचारन, कसा मेला, कोणत्या कुशीवर होता.

आता सीलाचं सांगतो. काकानं आमचे दोन्ही मांगचे शाकप खोलले अन् यायले म्हणते, "गजानन, सील आण बजारातून. दोन-चार. ही बांगडी सोबत ने."

हे भडकले. "मी का बांगड्या भरून जाऊ दुकानात? लोकं काय म्हणन?"

"नको नेऊ बाप्पा. तोंडी सांगजो मंग. दोन-चार."

संध्याकाळी हे तीन सील घेऊन आले. काकानं एक एक पाह्यलं. एक लहान, एक मोठं, एक त कायचं होतं कोणाले ठाऊक. काका म्हणते, "हे काय आणलं बे?"

"तुमीच म्हटलं नं दोन-चार आण. म्या म्हटलं दोन कमी पडन, चार जास्त होईन. तीन आणले."

मले असं हासू फुटलं का परी दचकून उठली. काका माह्याकडं वळले. "तू काहून हासली?"

म्या म्हटलं, "काका, दोन-चार म्हणजे बांगडीचं माप नं वो? माहाच हात दोन-चारचा आहे."

काकानं चष्मा पुसला अन् म्हणते, "दोन-चारमंधला चार कायचा, सांग."

ते मले नवतं माहीत. मी आठवीलोक शिकली. लहानपणापासून कासारापुढं हात करून राह्यली, दोन-चार, दोन-सहा, पण त्या चारचा मतलब मले कोणी सांगतला नवता अन् म्याबी विचारला नवता. काकानं सुतळीवरची एक बांगडी काढून माह्या हातात देल्ली. म्हणते, "दोन म्हणजे दोन इंच. अन् एका इंचाचे सोळा भाग कर, त्यातले चार. हे झालं दोन-चार. माह्या मायनं बजारोबजार बांगड्या इकल्या, मी टोपलं धरून मांगं मांगं. शाळेत नाही शिकलो हे माप, बायायच्या हातावर शिकलो. अन् तुही गाडीबी इंचातलीच आहे. आताचे सील मिलीमीटरमंधी येते. एक नंबर ढिला होते, तेल पाझरते. दुसरा नंबर ठोकून बसवाव लागते, कापला जाते. दोघायची पत्रिका जुळत नाही."

मी घरी येऊन रात्रीच्या भाकरी थापतानी सारखी माह्या हातातल्या बांगड्याकडंच पाहू. सोळातले चार. सोळातले चार. एवढ्या वर्षाची गोष्ट, अन् मले आत्ता समजली.

दुसऱ्या दिवशी सील आणाले मलेच धाडलं. बांगडी देल्ली अन् सांगतलं, "दुकानदाराले गाडीचं नाव सांगू नको. नाव सांगतलं का तो बसल्या जागी म्हणते भेटत नाही. माप सांगतलं का उठते. सील बांगडीत सरकलं पाह्यजे, अन् सील अन् बांगडी याच्या मंधातून उजेड नाही दिसला पाह्यजे."

मी परीले कडेवर घेऊन निघाली. कधी एकटी मोटारच्या दुकानात गेली नवती. पह्यल्या दुकानात सारे माणसंच. म्या बांगडी पुढं केली त एकजण म्हणते, "ताई, बांगडीची लाइन तिकडं, चौकाच्या पलीकडं." सारे हासले. दुसऱ्या दुकानात मी इतकी भेली का तोंडातून गाडीचंच नाव निघालं. झालं. तो खुर्चीतून हाललाबी नाही. "भेटत नाही."

तिसरं दुकान एका जैन शेठजीचं, ऑइल इंजिनच्या सामानाचं. पह्यले विहिरीवर ते डुगडुग इंजिन राहत नं, त्याचं. आता कोणी इंजिन लावत नाही, दुकानात धूळ अन् शेठजी दोघंच. म्या बांगडी ठेवली. "यात बसन असं सील पाह्यजे."

शेठजीनं बांगडी फिरवून पाह्यली. "हे कोणाचं माप आहे, बाई?"

"शाकपवाल्या काकाचं."

"आजून आहे का तो? मागच्या बारीले आला त माह्या चपलेचं रबर वास घेऊन पाह्यलं त्यानं! मी बसलो होतो, चप्पल पायात होती!"

पण शेठजी उठले. बाप्पा, उठले! शिडी लावून माळ्यावरून एक पत्र्याचा डबा काढला. जुने इंजिनबी इंचातलेच होते म्हणे. त्यातलं एक सील त्यायनं बांगडीत सरकवलं. सर्रकन गेलं. म्या बांगडी दरवाजाकडं धरून एक डोळा बंद करून पाह्यलं. उजेड नाही. परीनंबी हात लावला. दुसरंबी तसंच बसलं. मले वाटलं देवी पावली.

घरी काकानं दोन्ही सीलात नख रुतवलं. एकावरचा खड्डा हळूहळू भरून आला. दुसऱ्यावरचा नाही भरला, तिथी बारीक चीर पडली. डब्यात पडून पडून वाळून गेलं होतं ते. मी परत दुकानात गेली, सारा डबा पालथा केला. दुसरं नाही.

दोन दिवसानं काकानं हातपंपाचं चामड्याचं जाड वायसर कुठून तरी आणलं, कापलं, तेलात भिजवलं, अन् बांगडीत सरकवून सरकवून घासत बसले. "पह्यलेच्या शाकपात चामडंच राहे," म्हणते. डाव्या शाकपात रबर टाकलं, उजव्यात चामडं.

म्या विचारलं, "काका, ग्यारंटी आहे का?"

"रबराची देतो."

"अन् चामड्याची?"

"चामड्याची नाही देत. मलेबी पाहाचं आहे."

हे ऐकलं अन् मले मास्तरची स्कूटर आठवली.

शाकप गाडीले बसले त्याच दिवशी काका नांदेडले जाणार होते, लेकीकडं, डोळ्याच्या ऑपरेशनले. ट्रेन दुपारची. म्हणते, जाण्याआंधी पाहू, त्याच ब्रेकरवर. आमी साऱ्यायनं जेवण केलं अन् निघालो. मी परीले घेऊन शांताआत्यासंगं आटोत बसली, हे अन् काका गाडीत पुढं हळूहळू गेले. ब्रेकरच्या अलीकडं सारे उतरलो. काकानं दोन्ही चाकाखाली वाकून पाह्यलं, मंग मले म्हणते, "बैस. मांगं, उजव्या अंगाले. पोट्टी घे मांडीवर."

"मी? काहून?"

"गजाननले सवय पडली, त्याले समजत नाही. तुले भेव आहे. भेलेलं माणूस बरोबर सांगते. अन् पोट्टी त खोटं बोलतच नाही."

"तुमीच म्हटलं नं चामड्याची ग्यारंटी नाही."

"म्हणूनच त बैस म्हणतो. ग्यारंटी असती त कायले बसवलं असतं?"

सांगा, हे बोलणं आहे का? पण त्यायच्या तोंडावर खोटेपणा नवता वो. परीकडं असे पाहून राह्यले होते जशी तीच एक त्यायची भरवशाची मिस्तरीण. शांताआत्या मले म्हणते, "बैस वं, एवढं म्हणून राह्यला त. हळूच जाईन." हे मान खाली घालून उभे. सारे माह्याकडं पाहून राह्यले अन् मले त्या दिवशीचे परीचे पाय दिसून राह्यले, हवेत वर.

म्या म्हटलं, "मी नाही बसत. तुमीच बसा, तुमाले पाहाचं आहे त."

मले वाटलं हे आता विचारन, काहून. साऱ्या जगाले विचारते ते. नाही विचारलं. लेकीसाठी नेऊन राह्यले होते ती जवारीची थैली काढली, हातात तोलली, परीकडं पाह्यलं, पुन्हा तोलली. त्यातली दोन ओंजळ आत्याच्या पदरात टाकली. अन् थैली मांडीवर घेऊन मांगच्या सीटवर जाऊन बसले, उजव्या अंगाले. दरवाजा स्वतःच ओढून घेतला. यायले म्हणते, "थांबू नको गजानन, तसाच स्टेशनले चाल, नाही त ट्रेन जाईन. पह्यले लांबवर जा अन् वळवून आण. जोरात."

गाडी दूर गेली, वळली. मी रस्त्याच्या कडेले उभी, परीले छातीशी धरून, इतकं घट्ट का ती कुरकुर करून राह्यली. आत्यानं डोळे मिटून घेतले. म्या नाही मिटले. गाडी आली. ब्रेकरवर चढली. मांगचा भाग उठला, एकदा. बसला, एकदा. अन् गप राह्यला.

खिडकीत काका दिसले. टोपी डोळ्यावर आलेली, दोन्ही हात थैलीभोवती, अन् तोंड माह्याकडं करून ते काही तरी विचारून राह्यले होते. विचारतच होते, सांगत नवते, एवढं मले त्यायच्या भुवयावरून समजलं. पण इंजिनच्या आवाजात एक अक्षर ऐकू आलं नाही. गाडी तशीच वाशीमकडं निघून गेली.

संध्याकाळी म्या यायले विचारलं, काका काय विचारत होते? हे म्हणते, "मले काय माहीत? स्टेशनलोक एक शब्द नाही बोलले. थैली तेवढी धरून बसले होते, उतरतानीबी सोडे नाही."

ऑपरेशन बरं झालं म्हणे. पण मंग तिकडंच ताप आला अन् काका लेकीच्या घरीच वारले. वाशीमले परत आलेच नाही.

ते चामडं आजून धरून आहे. सारी लगनसराई झाली, नवऱ्या बसल्या, नवरदेव बसले, पोरं टपावर चढून नाचले, तेलाचा थेंब नाही. परीचं जावळबी झालं, त्याच गाडीतून गेलो. शांताआत्या मातर मले आजूनबी टोमणा मारते, "म्हाताऱ्याले ब्रेकरवर धाडलं वं तू. त्यानं जिंदगीत कोणाच्या भरवशावर काम सोडलं नाही, तुह्यावर सोडलं, अन् तू नाही म्हटलं." मी तिले म्हणतो, माहं लेकरू होतं ते, रबराचा तुकडा नाही बरणीत टाकाले. ती म्हणते, शाकप बसला नं बरोबर शेवटी? म्या म्हटलं, ते आता समजलं, तवा कोणाले माहीत होतं? काकाले तरी होतं का?



तुमी लेकराच्या माया आहा म्हणून विचारतो. मांडीवर दहा महिन्याचं पोर, समोर असा माणूस, जो खोटं बोलत नाही, अन् तोच तोंडानं म्हणते ग्यारंटी नाही, बैस. सांगा बरं, माह्या जागी तुमी असत्या त काय केलं असतं?